शेवटाक एक नारळ

फेब्रुवारीतला शनिवार. पाणी जायला दहा मिनिटं होती, आणि अण्णा नळासमोर उकिडवे बसून, डॉक्टर पेशंटच्या छातीला लावतो तसा तोटीला कान लावून ऐकत होते. अंगात बनियन, कानामागे विझलेली अर्धी विडी. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप.

"वायसर गेलो," अण्णा म्हणाले. "सुगंधा, येताना एक वायसर हाड गो. चामड्याचो हाड. रबराचो नको."

अण्णांची मुलगी सुगंधा एकोणीस वर्षांची होती. घाटकोपर स्टेशनजवळच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. चपलेत पाय घालत ती म्हणाली, "आणते."

"इसारशील."

"नाही विसरणार, अण्णा."

"हातावर लिवन दिऊ?"

"लहान आहे का मी आता?"

संध्याकाळी ती टेकडी चढून वस्तीत आली तेव्हा पिशवीत दोन पुस्तकं होती, कोथिंबीर होती, आईच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली होती. वायसर नव्हता. अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघूनच समजले आणि खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी सुतळीचा एक तुकडा घेतला, एक टोक तोटीला बांधलं, दुसरं बादलीत सोडलं. थेंब सुतळीवरून घरंगळत आवाज न करता बादलीत उतरू लागला.

"झाला. तेका काय घाई नाय," ते म्हणाले. "उद्या हाड."

त्या उद्याच्या सकाळी, पाणी यायच्या आधी, अण्णा गेले. उंबऱ्यावर चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आणि भिंतीला डोकं टेकलं, एवढंच. कपही फुटला नाही.

ती सुतळी पुढे तीन महिने कुणी सोडली नाही. पण सुतळीचं सांगायचं तर आधी तोटीचं सांगायला हवं, आणि तोटीचं सांगायचं तर सात वर्षं मागे जायला हवं. एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवसाला.

*

त्या साली गिरण्या बंद होत्या. जानेवारीत संप सुरू झाला आणि मार्चपर्यंत टेकडीवरच्या पुरुषांना घरात आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेनासं झालं. धाकू घाडी, म्हणजे अण्णा, वीस वर्षं साच्यावर उभे होते. तुटलेला धागा डोळे मिटून सांधणारी त्यांची बोटं आता दिवसभर चटईच्या काड्या उपसत बसायची.

आणि टेकडीवर पाणी नव्हतं. पाणी खाली होतं, रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगच्या आवारात, आणि तिथल्या बायका आधी आपली पिंपं भरून घ्यायच्या. "टेकडीवाल्या, आमचं झाल्यावर." सुगंधाची आई, प्रेमा, पहाटे रांगेत हंडा ठेवायची. तो हंडा कुणीतरी पायाने बाजूला सरकवायचं. प्रेमा तो पुन्हा रांगेत ठेवायची. भरलेला हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर घेऊन एकशे बेचाळीस पायऱ्या चढायची आणि वर आल्यावर भिंत धरून उभी राहायची. तिच्या टाळूवरचे केस चुंबळीने पातळ झाले होते.

एके दिवशी सरकवताना हंडा लवंडला. प्रेमा अर्धी कळशी घेऊन वर आली. अण्णांनी कळशीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि कोनाड्यातली पहार उचलून बाहेर गेले.

पालिकेने परवानगी दिली ती अशी: चर तुम्ही खणा, पाइप तुम्ही टाका, खालच्या मुख्य नळाला जोड आम्ही देऊ. मग टेकडीवर रोज सकाळी पहारींचा आवाज सुरू झाला. वरून माती दिसायची, पण हातभर खाली सगळा काळा दगड. साच्यावरचे हात ते. पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्या आठवड्यात फुटले, तिसऱ्या आठवड्यात हळद लावायचीही कुणी तसदी घेईना. पुरुष खणायचे, बायका घमेली वाहायच्या. दुपारी सगळे चराच्या काठावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खायचे. किती महिन्यांनी पुरुषांना भूक लागली होती.

पोरांसाठी तर ती जत्राच होती. पाइप आले तेव्हा पोरांनी त्यांतून एकमेकांना हाका मारल्या, आरपार सूर्य बघितला. सुगंधाने एका पाइपात दोन बोटं घातली, ती अडकली. अर्धा तास ती त्या वीस फुटी पाइपाला बांधल्यासारखी बसून होती. शेवटी रुक्मिणीकाकीने खोबरेल ओतून बोटं सोडवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या चेडवाचा डोक्याच पाइप आसा. एका बाजून घाला, दुसऱ्या बाजून भायर!"

ते खोटं नव्हतं. सुगंधाला तेरावं लागलं होतं आणि तिचं विसरणं टेकडीभर प्रसिद्ध होतं. चिंच आणायला पाठवलं तर गूळ आणायची. गूळ आणला तर पिशवी दुकानात. एकदा धाकट्या मामेभावाला कडेवर घेऊन दळण आणायला गेली आणि दळण घेऊन परत आली. भाऊ गिरणीवाल्याच्या गोणीवर चणे खात बसला होता.

*

एकतीस मेच्या दुपारी दोन वाजता मधुकर प्लंबर चरातून उभा राहिला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"धाकूदादा, दोन युनियन चिरलेत. सफेदा संपला, धागा पण संपला. आता?"

युनियन म्हणजे दोन पाइप सांधणारा लोखंडी जोड. तो नसेल तर वरचा पाइप वर आणि खालचा खाली. आणि आट्यांवर धागा गुंडाळून सफेद्याचा पांढरा लेप दिला नाही तर सांधा गळणार. आणि पालिकेचा माणूस चार वाजता येणार होता. दुसऱ्या दिवसापासून, एक जूनपासून, पावसासाठी रस्ता खणायची बंदी. आज जोड मिळाला नाही तर मग एकदम दिवाळीनंतर. सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. दिवाळीपर्यंतचे हंडे प्रत्येक बाईने मनातल्या मनात उचलून बघितले.

"कोणाक तरी खाली धाडूक व्हया," अण्णा म्हणाले. पण उतारावरचा पाइप सगळ्या पुरुषांनी खांद्यावर तोलून धरला होता, एक खांदा काढला असता तर बाकीचे घसरले असते. बायका पायऱ्यांजवळचा चर बुजवत होत्या. अण्णांनी मान वळवून बघितलं. "सुगंधा जातली."

रुक्मिणीकाकी म्हणाली, "धाकू, त्याच्यापरास मांजराक धाड."

सगळे हसले. खांद्यावरचा पाइपसुद्धा हलला. सुगंधा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. अण्णा हसले नाहीत.

"सुगंधा जातली," ते पुन्हा म्हणाले. "मी सांगतंय मां."

मधुकरने विडीच्या बंडलाच्या कागदावर पेन्सिलीने लिहून दिलं. प्रेमाने पैसे रुमालात बांधले, रुमाल फ्रॉकला आतून सेफ्टी पिनेने अडकवला. पैसे हरवायची सोयच ठेवली नाही. "साडेतीनच्या आत वर," ती म्हणाली. "आणि वाटेत कुणाशी बोलायचं नाही."

ते शक्यच नव्हतं, कारण पायऱ्यांवर तिघे तिची वाट बघत होते. बाळा, तिच्या शेजारच्या खोलीतला, ज्याचा आवाज आधी पोचायचा आणि तो मागून. मालन, जी काहीही करण्याआधी "पण" म्हणायची. आणि टेकडीच्या पायथ्याशी तीन म्हशी असलेल्या दूधवाल्या तिवारींचा चंद्रप्रकाश.

"कुठे?" बाळाने विचारलं.

"शेठच्या दुकानात. सामान आणायला."

"आम्ही पण."

एकशे बेचाळीस पायऱ्या चौघे उड्या मारत उतरले. वाटेत कैरीचं झाड आलं, त्याला दोन दगड मारणं भागच होतं. एक कैरी पडली. खाली रस्त्यावर पोचल्यावर मालन म्हणाली, "पण आणायचं काय आहे?"

सुगंधाने मूठ उघडली. मुठीत कैरीची कोय होती.

चौघांनी त्या कोयीकडे बघितलं.

"चिठ्ठी?" मालन म्हणाली.

सुगंधाने टेकडीकडे बघितलं. परत वर जायचं? तिला रुक्मिणीकाकीचा चेहरा दिसला. त्याहून वाईट, अण्णांचा दिसला. अण्णा रागावणार नव्हते, आणि तेच नको होतं.

"मी वर नाही जाणार," ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

"अगं, रडतेस काय," बाळा म्हणाला. "मी तिथेच होतो ना. मधुकर बोलला ते मी ऐकलंय. युनियन."

"लाल बावटावाली?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"गप रे. पाइपाची."

"दोन," मालन म्हणाली. "दोन चिरलेत म्हणाला तो."

"सफेदा भी बोला था," चंद्रप्रकाश म्हणाला. "मला वाटलं आंबा. सफेदा आंबा असतो ना आमच्याकडे. मी बोललो, झकास, आंबे खायचे."

"आणि धागा. सफेद्याबरोबर धागा," बाळा म्हणाला.

आता सुगंधालाही आठवलं. "पितळेची तोटी. अण्णा परवापासून म्हणतायत, तोटी पितळेचीच." आणि शेवटी, कधी नव्हे ते, "आणि नारळ! पाणी यायच्या वेळी फोडायला."

पाच वस्तू झाल्या. पण शेठच्या दुकानापर्यंत बाजारातून वीस मिनिटांची वाट होती, आणि त्या वाटेवर बर्फाचा गोळेवाला होता, बांगड्यांचं दुकान होतं. सुगंधाला स्वतःचं डोकं माहीत होतं.

"मी विसरणार," ती म्हणाली.

बाळाने डोकं खाजवलं. मग तो एकदम ताठ उभा राहिला. "तू घाडी ना? तुझे अण्णा गाऱ्हाणं कसं घालतात, सांग."

"बा देवा म्हाराजा..." सुगंधाच्या तोंडून आपोआप निघालं.

"पुढचं?"

तिने पुढचं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. गावाला देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं घालायचा मान घाडींचा, आणि अण्णांनी तो मुंबईच्या टेकडीवरही चालवला होता. पूजा असो, शिमगा असो, कुणाच्या नव्या खोलीचं दार असो, अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून उभे राहायचे, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळी टेकडी मिळून उत्तर द्यायची, "व्हय म्हाराजा!" सुगंधा चिंच विसरायची, भाऊ विसरायची, पण गाऱ्हाणं तिच्या हाडात होतं.

"मग त्याच्यात घाल सगळं!" बाळा ओरडला.

आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, सुगंधाने पहिलं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! दोन युनियन ते एकमेकांक धरून ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघे ओरडले.

"सफेद्याचो डबो सुको होव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"धाग्याचो गुंडो गुंताक नको रे म्हाराजा!"

"हय महाराज!" हा चंद्रप्रकाश. त्याला मालवणी येत नव्हती, पण आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच.

"पितळेची तोटी गळाक नको रे म्हाराजा! आणि शेवटाक एक नारळ, तो गोड मानून घे, आणि तुझ्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं घालत चौघे बाजारातून निघाले. पुढे सुगंधा, मागे तिघांची पालखी. गोळेवाला गेला, बांगड्या गेल्या, सुगंधाने मान वळवली नाही. दुसऱ्या फेरीला एका केळीवाल्याने गाडीमागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. तिसऱ्या फेरीला सुकी मासळी विकणाऱ्या दोन बायकांनी. अर्धा बाजार कोकणातला. गाऱ्हाणं ऐकलं की तोंड उघडतंच. एका म्हाताऱ्याने तर चप्पल काढून हात जोडले आणि मग विचारलं, "कसलो देव म्हणायचो ह्यो?"

"नळाचा!" मालन म्हणाली. पहिल्यांदा "पण" न म्हणता.

*

चुनीलाल शेठने चष्मा कपाळावर चढवून सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं. सफेदा काढला, धागा काढला, पितळेची तोटी कागदात गुंडाळली.

"अने युनियन? केवढा? अर्धा, पाऊण, एक, सव्वा?"

गाऱ्हाण्यात इंच नव्हता.

सुगंधाने बाळाकडे बघितलं, बाळाने मालनकडे, मालनने चंद्रप्रकाशकडे. चंद्रप्रकाश म्हणाला, "मोठा द्या."

"बेटा, मोठा घेऊन गेला ने पाइप छोटा असला तर पाणी तुझ्या शर्टात येणार."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. सुगंधाचा हात कपाळावर गेला आणि तिथेच थांबला. तिने हात डोळ्यांसमोर धरला. मधल्या दोन बोटांच्या सांध्यांवर अजून खपली होती.

"शेठ," ती म्हणाली, "माझी ही दोन बोटं आमच्या पाइपात अडकली होती."

शेठने चष्मा खाली घेतला. तो चाळीस वर्षं लोखंड विकत होता, पण असं माप त्याच्याकडे आलं नव्हतं. त्याने काउंटरवर तीन युनियन मांडले. पाऊण इंचीत दोन बोटं शिरेचनात. सव्वा इंचीत सैल खुळखुळली. एक इंचीत ती सांध्यापर्यंत गेली आणि घट्ट बसली.

"हाच!" चौघे ओरडले.

"हाच," शेठ म्हणाला. "हवे, आता बोटं काढ."

बोटं निघेनात.

शेठने ओढलं, बाळाने ओढलं, गिऱ्हाइकांनी सल्ले दिले. मालन म्हणाली, "पण दुसरा युनियन घेऊ आणि हा असाच घालून नेऊ, मधुकर काढेल." शेवटी शेठच्या नोकराने मशीनचं तेल ओतलं, बोटं सुटली, खपली गेली, आणि शेठने बोटांवर फुंकर घालून लिमलेटच्या चार गोळ्या दिल्या. "तुझा बापाला सांग," तो म्हणाला, "पोरगी टेपपेक्षा बरी हाय."

सुगंधाला हे वाक्य इतकं आवडलं की ते विसरू नये म्हणून तिने तेही गाऱ्हाण्यात घातलं.

नाक्यावर नारळ घेतला. पाणी वाजवून घेतलं. रुमाल रिकामा झाला. तीन वाजून दहा मिनिटं. वेळ होता, सामान होतं, एकही वस्तू सुटली नव्हती. पिशवी बाळाच्या हातात, नारळ सुगंधाच्या. आता गरज नव्हती तरी गाऱ्हाणं थांबेना. ते चौघांच्या पायांतच शिरलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी उंबराखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. तो टेकडीचा राखणदार. येताजाता सगळे तिथे हात जोडायचे. चौघे तिथे पोचले आणि नेमकी गाऱ्हाण्याची शेवटची ओळ आली.

"आणि शेवटाक एक नारळ, तो गोड मानून घे, आणि तुझ्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

घाडींच्या घरात हे शब्द झाले की नारळ दगडावर पडतो. पिढ्यान्‌पिढ्या पडत आलाय. सुगंधाच्या हाताला कुणी काही सांगावं लागलं नाही. हात वर गेला, खाली आला, खाडकन दोन भकलं झाली. पाणी दगडावर सांडलं. फोडलेला नारळ टाकायचा नसतो. चंद्रप्रकाशने खापरीने खोबरं काढलं, एक तुकडा देवाला ठेवला, बाकीचं वाटलं. चौघे उंबराच्या सावलीत बसून खाऊ लागले. खोबरं कोवळं होतं, गोड होतं. उन्हातून आल्यावर तर फारच.

मालन चावता चावता थांबली.

"सुगंधा," ती म्हणाली. "पण हा वरचा होता ना?"

राखणदार शेंदरी तोंडाने बघत होता.

"वाट लागली," बाळा म्हणाला.

दुसरा नारळ घ्यायला पैसे नव्हते, परत जायला वेळ नव्हता. पायऱ्या चढताना बाळा म्हणाला, हातातून पडून गटारात गेला म्हणू. चंद्रप्रकाश म्हणाला, माझ्या म्हशीने खाल्ला म्हणू.

"म्हैस नारळ खाते?" मालनने विचारलं.

"हमारी खाती है."

"मी खरं सांगणार," सुगंधा म्हणाली. प्रत्येक पायरीला ती वाक्य जुळवत गेली. अण्णा, नारळ मी फोडला. अण्णा, चुकून. अण्णा, आम्ही खाल्ला.

वर पोचली तेव्हा मधुकरने पिशवी हिसकून घेतली. एक युनियन बाहेर काढला, फिरवून बघितला, दुसरा काढला.

"एक इंची? चिठ्ठीत इंच लिहायचा राहिला होता, मगाशी आठवलं! कोणी सांगितलं हिला?"

"बोटांनी!" बाळा ओरडला.

चरातून शिट्टी आली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. रुक्मिणीकाकीने घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "गो बाय माझे, मांजराक धाडलला तर बरा नसता झाला." अण्णांनी खांद्यावरचा पाइप न हलवता मान वळवली. घाम आणि मातीने भरलेल्या त्या चेहऱ्यावर असं हसू होतं की सुगंधाचं जुळवलेलं वाक्य घशातच अडकलं, पाइपातल्या बोटांसारखं.

*

पालिकेचा माणूस चार वाजता आला, जोड दिला, सही घेतली. साडेचारला खालचा चावीवाला चावी फिरवणार होता. पितळेची तोटी बसली. ऊन तिच्यावर पडून ती इतकी चमकत होती की बायकांनी तिला हळदकुंकू लावताना डोळे बारीक केले. पोरं, म्हातारी, सगळी जमली. कळश्या नव्हे, घरात होतं नव्हतं ते सगळं आणून मांडलं होतं, भाताचं तपेलंसुद्धा.

अण्णांनी हातपाय पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला, उभे राहिले आणि हात पुढे केला.

"नारळ?"

सगळ्यांनी सुगंधाकडे बघितलं. तिने अण्णांकडे बघितलं. अण्णांची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती. जरा खाली होती, हनवटीवर. नंतर तिला आईने तोंड धुवायला लावलं तेव्हा कळलं, तिथे खोबऱ्याचा पांढरा तुकडा चिकटला होता.

अण्णांनी हात मागे घेतला. "नारळ खाली राखणदाराक फोडलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मियाच सांगलंय तेका. पाणी खालसून वर येता, तर मान पयलो खालच्याचो."

एका म्हाताऱ्याने मान डोलावली. "बराबर हा. खालच्याचो मान." रुक्मिणीकाकीने तोंडाला पदर लावला.

मग अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी पहारी घेतल्यानी, फोड सोसल्यानी, बायकांनी हंडे व्हायले, तेची तू याद ठेव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! टेकडीच्या खाली, म्हशींपर्यंत आवाज गेला. अण्णांनी तोटी फिरवली.

आधी फक्त वारा आला. नळ खोकला, फुसफुसला, थरथरला. मग गंजाचं लाल पाणी आलं. कुणी श्वास घेईना. मग ते तांबूस झालं, मग गढूळ, मग एकदम पांढरं, फेसाळ, आणि बायका ओरडल्या. प्रेमा ओरडली नाही. तिने दोन्ही हात पाण्याखाली धरले आणि तसेच धरून ठेवले. हंडा भरायचं कुणालाच सुचत नव्हतं. पोरं नळाखाली घुसली, बाळा कपड्यांसकट, चंद्रप्रकाश बादली डोक्यावर घेऊन. मधुकरने स्वतःचा सदरा भिजवून घेतला आणि युनियनला हात लावून सांगितलं, "एक थेंब नाही! एक थेंब गळत नाही!"

अण्णांनी ओंजळ भरली आणि ती सुगंधाच्या डोक्यावर ओतली.

संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसून केस पुसत होती. अण्णा येऊन शेजारी बसले, विडी पेटवली. आत आई पहिल्यांदाच पाणी न मोजता भांडी घासत होती.

"गोड होता?" अण्णांनी विचारलं.

"काय?"

"खोबरा."

सुगंधाचे कान तापले. तिने टॉवेल तोंडावर घेतला आणि उत्तर दिलं नाही. अण्णांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे सात वर्षं नाही. दरवर्षी एकतीस मेला नळापाशी नारळ फुटायचा, अण्णा गाऱ्हाणं घालायचे, आणि दरवर्षी प्रसाद वाटताना सुगंधाच्या तळहातावर सगळ्यांत मोठा तुकडा पडायचा. अण्णा दुसरीकडे बघत असायचे.

*

एकोणीसशे एकोणनव्वदच्या एकतीस मेला सुगंधा सुट्टी घेऊन घरी राहिली. दुपारी नळाला पाणी नव्हतं तेव्हा तिने मधुकरकडून पाना मागून घेतला, सुतळी सोडली, तोटी उघडली आणि चामड्याचा नवा वायसर बसवला. तो तीन महिने तिच्या पर्समध्ये होता. सुतळी तिने घडी करून एका पुस्तकात ठेवली.

साडेचारला, संध्याकाळच्या पाण्याच्या वेळी, सगळे जमले. बाळा वर्कशॉपमधून आला, हाताला ग्रीस. मालन मुलुंडहून बाळाला कडेवर घेऊन आली. स्वतःच्या बाळाला, आणि बाळा नावाच्या बाळाने त्यावर दरवेळचा विनोद केला. चंद्रप्रकाशने दुधाची किटली आणली. नारळ प्रेमाने आणला. नळाला हळदकुंकू लागलं आणि मग सगळे गप्प झाले, कारण अण्णांच्या जागी कुणीच उभं नव्हतं.

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. "तू घाल." "माका येणा नाय." बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. प्रेमाने आत जाऊन अण्णांचा टॉवेल आणला आणि मुलीच्या खांद्यावर टाकला.

"बा देवा म्हाराजा," सुगंधा म्हणाली. टॉवेल सावरून तिने पुन्हा सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज सात वर्सां झाली, ह्या नळाचा पाणी आटूक नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज दबका होता.

"ज्या हातांनी ही तोटी बसवली, ते हात आज हंय नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." एकट्या बाळाचा आवाज तेवढा वर राहिला.

"त्या दिवशी नारळ खाली राखणदाराक फोडूक अण्णांनी सांगूक नव्हता रे म्हाराजा." ती थांबली. सगळी टेकडी ऐकत होती. "तो मिया फोडलंय. चुकान फोडलंय. आणि आम्ही चौघांनी बसान खाल्लो. अण्णांनी माझ्यासाठी देवासमोर खोटा सांगल्यानी, आणि मी सात वर्सां गप ऱ्हवलंय रे म्हाराजा."

मागून रुक्मिणीकाकीचा थकलेला, हसू आवरणारा आवाज आला.

"व्हय गो म्हाराजा! तुझ्या हनवटीवरचा खोबरा सगळ्यांनी बघितलला."

हसू आधी बायकांत फुटलं, मग पुरुषांत. प्रेमा डोळे पुसत हसत होती. चंद्रप्रकाश ओरडला, "हय महाराज!" आणि मग सगळ्यांनी मिळून इतक्या जोरात उत्तर दिलं की मालनचं बाळ दचकून रडू लागलं.

सुगंधाने नारळ फोडला. तोटी फिरवली. पाणी आलं, पहिल्या झटक्यात स्वच्छ. तिने तोटी बंद केली, वाकून कान लावला. थेंब पडत नव्हता.

चंद्रप्रकाशने खोबरं काढून एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. सगळ्यांत मोठा. ती घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, भिंतीला डोकं टेकण्याची जागा मोकळी सोडून. तुकडा सावकाश चावला. मग त्या मोकळ्या जागेकडे वळून ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"गोड होता, अण्णा. खूप गोड होता."